घेताना मान किती झुकवायची?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात सकाळी सकाळी एखाद्याची भवानी होताना बघा. पहिली नोट हातात आली की आधी कपाळाला लागते, मग खिशात जाते. जपानी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. 'मिळणे' यासाठी त्याचं नम्र क्रियापद आहे 'इतादाकु', आणि ते ज्या चिन्हाने लिहितात त्याचा अर्थ माथा, शिखर. थोरांनी दिलेली वस्तू डोक्याच्या वर धरून स्वीकारायची, ही त्यामागची जुनी रीत. आपण प्रसाद डोळ्यांना लावतो. जपानी माणूस रोजच्या साध्या जेवणाआधीही 'इतादाकिमासु' म्हणतो. जेवून उठताना 'गोचिसोसामा'. यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव, घोडदौड. तुम्ही माझ्या जेवणासाठी किती पळापळ केलीत, असा तो सलाम.

आता गंमत व्याकरणाची. मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु', मला मिळालं तर 'मोराउ'. थोरांच्या बाबतीत यांची नम्र रूपं आणखी वेगळी. ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदांच्या शेपटीलाही लागतात, म्हणजे कोणी नुसतं दार उघडलं तरी उपकार कुणावर झाला ते वाक्यातच नोंदलं जातं. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मराठी पोरांना हे निम्मं घरचंच वाटतं, कारण 'करून देणे' आणि 'करून घेणे' आपल्याकडेही आहे. फसगत पुढे होते. 'सरांकडून अर्ज लिहून घेतला' म्हटलं की मराठीत काम काढून घेतल्याचा वास येतो. जपानीत तीच रचना वाकून नमस्कार करते.

उलट, सरांची बॅग उचलताना 'मी तुमच्यासाठी धरून देतो' असं 'आगेरु' लावून म्हणालात तर जपानीत तो उद्धटपणा! उपकाराची पावतीच हातात दिल्यासारखं होतं. आपण काय करतो? 'सर, आणा ती पिशवी इकडं!' थेट आज्ञार्थ, आणि तरी अदब शाबूत. हे कौशल्य मात्र आपलंच.

'काय पाव्हणं, बरं हाय का?' 'तुमच्या आशीर्वादानं!' विचारणाऱ्याने आयुष्यात काडीची मदत केलेली नसते, तरी श्रेय त्याला. जपानी उत्तर 'ओकागेसामा दे', म्हणजे तुमच्या छायेमुळे. तिकडेही छाया देणारा झाड असलाच पाहिजे अशी अट नाही.

भेटवस्तू देताना आपली 'फूल ना फुलाची पाकळी', त्यांचं 'त्सुमारानाइ मोनो', म्हणजे किरकोळ वस्तू आहे हो. आभार मानायलाही ते पुष्कळदा 'सुमिमासेन' म्हणतात, जो माफी मागायचाही शब्द आहे. त्याच्या मुळाशी 'हे फिटलेलं नाही' असा भाव आहे. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले की तो विचारतो, 'मी परका झालो का?' आणि 'केलेस हो उपकार!' हे तर सरळ टोमण्यासाठीच राखलेलं.

नम्रतेचा अतिरेकही होतो. जपानी दुकानाच्या बंद दारावरची पाटी सांगते की आम्ही आज सुट्टी घेण्याची आपली परवानगी प्राप्त करत आहोत. परवानगी कुणी दिली, विचारू नका. पाटीवरची ही 'सासेते इतादाकु' रचना इतकी बोकाळली आहे की जपानी लोकच वैतागतात. 2007 साली तिथल्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेची मार्गदर्शिका काढली, त्या भाषेचे पाच प्रकार पाडले आणि या रचनेबद्दलही बजावलं: खरोखर कुणाची परवानगी घेतली असेल आणि त्यातून तुमचा फायदा होत असेल, तरच ती शोभते. आपल्या दुकानातली पाटी बरी: 'आज रोख, उद्या उधार'. कुणाची परवानगी नाही, कुणावर उपकार नाही.

आपल्याच जिल्ह्यात सुपा एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी वेगळा विभाग आहे. तिकडे मुलाखतीला निघालेल्या पोरांनो, क्रियापदं चुकली तरी चालतील. पण साहेबाने कार्ड पुढे केलं तर दोन्ही हातांनी घ्या, वाचा, आणि मागच्या खिशात कोंबू नका.