पेरूचा बहार आपण निवडायचा

जांभूळ, लवंग, निलगिरी आणि पेरू ही एकाच कुळातली भावंडे आहेत, असे सांगितले की अनेकांना नवल वाटते. पण पेरूचे पान चुरगळून वास घ्या. पानातल्या तेलाच्या बारीक ग्रंथी या घराण्याची ओळख लगेच पटवतात. त्याचे पांढरे, पुंकेसरांचा झुबका असलेले फूल पाहिले तरी जांभळाच्या मोहोराची आठवण होते.

हे झाड मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे. आपल्याकडे ते पोर्तुगीजांच्या काळात आले. पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात आणि आपला ‘पेरू’ बहुधा त्यावरूनच आला. गंमत म्हणजे हिंदीतला ‘अमरूद’ हा शब्दही फारसीतल्या नासपतीच्या नावावरून आलेला आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात मात्र कित्येक घरांत त्याला ‘जांब’च म्हणतात.

पेरू हे काटक झाड आहे. हलक्या जमिनीत येते, थोड्या पाण्यावर तगते. त्यामुळे ‘लावला की झाले’ असा समज पसरला आहे. माझ्याकडे येणाऱ्या बागायतदारांची तक्रार मात्र उलटी असते. झाड भरपूर फळते, पण पैसा होत नाही. याचे कारण झाडाच्या स्वभावात आहे.

पेरूला फूल येते ते नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. जेव्हा नवी फूट निघेल तेव्हा फूल येणार. म्हणून आपल्या हवामानात तो वर्षातून तीनदा फुलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबिया बहार, जून-जुलैत मृग बहार आणि ऑक्टोबरच्या सुमारास हस्त बहार. तिन्ही बहार धरले तर झाड थकते आणि फळ लहान राहते. त्यातला एकच निवडायचा असतो.

आंबिया बहाराची फळे पावसाळ्यात तयार होतात. ती पाणचट लागतात आणि फळमाशीला आयती सापडतात. माशी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर पोखरतात, फळ गळून पडते आणि अळ्या मातीत शिरून कोष करतात. मृग बहाराची फळे थंडीत येतात. ती गोड, घट्ट आणि टिकाऊ असतात. म्हणून पाण्याची अगदीच अडचण नसेल, तर मी मृग बहाराचाच सल्ला देतो.

त्यासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडावे. पाने पिवळी पडून गळू लागली की घाबरू नये. यालाच ताण म्हणतात. भारी जमीन ओल धरून ठेवते, तिथे ताण जास्त दिवस द्यावा लागतो. मग हलकी चाळणी करून शेंडे छाटावेत, शेणखत घालावे आणि पावसाच्या तोंडावर पाणी सुरू करावे. नवी फूट फुलांसकट येते. फुलापासून फळ तयार व्हायला साधारण चार-पाच महिने लागतात.

आता रोपांविषयी. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून एक झाड निवडले. तेच ‘लखनौ-४९’, म्हणजे आपला ‘सरदार’. बियांपासून आलेली रोपे एकसारखी नसतात, म्हणून असे एखादे रत्न सापडते. पण याच कारणाने बी लावून सरदार मिळत नाही. त्यासाठी कलमच हवे.

आणि कलम घेताना पिशवी उघडून मुळे पाहा. दोन वर्षांची अख्खी बाग वाळलेली मी पाहिली आहे. मालकाने पाणी वाढवले, खत वाढवले, औषधे फवारली. अखेर झाड उपटले तेव्हा मुळांवर गाठीच गाठी होत्या. सूत्रकृमी रोपांबरोबरच आली होती. डोळ्यांना न दिसणारी ही कीड एकदा जमिनीत शिरली की तिला पुरते हटवणे जवळजवळ अशक्य असते. त्या माणसाचे कर्ज राहिले आणि जमीनही पेरूसाठी गेली. रोपामागे चार पैसे वाचवण्याची ही किंमत. मुळावर एक जरी गाठ दिसली, तरी ते रोप फुकटही घेऊ नका.

परसात एकच झाड असणाऱ्यांनाही थोडे सांगतो. पडलेली किडकी फळे झाडाखाली सडू देऊ नका. रोज गोळा करून खोल पुरा. फळ लिंबाएवढे झाले की त्यावर कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. तोडणी संपली की फांद्यांचे शेंडे छाटा. १०० ग्रॅम पेरूत ‘क’ जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट असते. इतके स्वस्त आणि गुणी फळ किडीच्या स्वाधीन करण्याचे काही कारण नाही.