'अगॉन' आणि 'ॲगनी' : आखाड्यातला एक शब्द

एखाद्या वयोवृद्ध कार्यकर्त्याच्या निधनाची बातमी देताना आपली मराठी वर्तमानपत्रे हमखास लिहितात की, त्यांची मृत्यूशी चाललेली झुंज अखेर संपली. झुंज मल्लांची, झुंज रेड्यांची. आखाड्यातला हा शब्द आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसला, तरी आपल्याला त्यात वावगे वाटत नाही. युरोपात एका ग्रीक शब्दाने हाच प्रवास फार पूर्वी केला. तो शब्द 'अगॉन'.

अगॉनचा मूळ अर्थ जमाव, मेळा. नेणे, हाकणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला. संस्कृतातला 'अज्' धातू त्याचा सख्खा भाऊ आणि त्यापासून झालेला 'आजि' हा शब्द ऋग्वेदात शर्यत, लढत या अर्थाने येतो. (आपल्या घरातल्या आजीचा याच्याशी संबंध नाही!) ग्रीकांचा मेळा म्हणजे शर्यती आणि कुस्त्या. त्यामुळे मेळ्याचा शब्द स्पर्धेला चिकटला आणि स्पर्धक झाला 'अगोनिस्तेस'. अथेन्समध्ये नाटकेही चढाओढीने होत, म्हणून नटालाही तेच नाव, आणि पहिला नट तो 'प्रोतागोनिस्तेस'. शरीररचनेच्या तासाला आम्ही ॲगोनिस्ट आणि अँटॅगोनिस्ट स्नायू पाठ केले. एक कोपर वाकवतो, दुसरा ते उलट ओढतो. ही दोन मल्लांची नावे आहेत, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नाही.

अगॉनपासूनच 'अगोनिया' झाला. आधी झुंज, मग झुंजीतला मनाचा ताण. ल्यूकच्या शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री, अटक होण्याआधी प्रार्थना करणाऱ्या येशूसाठी हा शब्द आला आहे. घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता, असे तेथे वर्णन आहे. परंपरेनुसार ल्यूक वैद्य होता, हे मला विशेष वाटते. पुढे चर्चच्या लॅटिनमधून हा शब्द युरोपभर पसरला आणि प्रत्येक भाषेने आपल्याला हवा तेवढा भाग घेतला. इंग्रजीत 'ॲगनी' म्हणजे तीव्र यातना. फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियनमध्ये मुख्यतः मरणघटका. फ्रेंच माणूस 'अगोनी'त आहे असे कळले, तर वेदनाशामक गोळीचा विचार करू नये, घरच्यांना बोलवावे. आजच्या ग्रीकमध्ये 'अगोनिया' म्हणजे काळजी, धाकधूक. ऑलिंपिक मात्र अजूनही 'ओलिंपियाकी अगोनेस'च. इटालियनने दोन्ही टोके सांभाळली : 'अगोनिया' मरणाची, 'अगोनिस्तिको' खेळाच्या चुरशीचे. तिथे स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला 'अगोनिस्तिको' दाखला डॉक्टरकडूनच घ्यावा लागतो. तो दाखला तब्येत ठणठणीत असल्याचा!

वैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकात मरणाच्या वेळच्या श्वासाला 'ॲगनल' म्हणतात. मीही सुरुवातीला त्याचा अर्थ यातनेचा श्वास असाच धरला होता. काही वर्षांपूर्वी बेळगावात शेजारच्या गल्लीतून रात्री बोलावणे आले. तरुणपणी तालमीत घुमलेले आजोबा, दीर्घ आजाराने थकलेले. घरच्यांनी दवाखान्यात न नेण्याचे ठरवले होते. जबडा हलायचा, एक श्वास यायचा, मग बराच वेळ काही नाही. मुलाने विचारले, "डॉक्टर, आप्पांना फार त्रास होतोय का हो?" मी त्याला सांगितले, तो श्वास मेंदूच्या तळातल्या भागाचा आहे. शुद्ध बहुधा केव्हाच हरपलेली असते. दिसते ती धडपड, यातना नव्हे. मुलगा उशाशी बसला आणि आप्पांचा हात हातात धरून राहिला. इतका वेळ त्याला जवळ जायची भीती वाटत होती.

हाच श्वास दुसऱ्या प्रसंगी फसवतो, म्हणून एवढे सांगून ठेवतो. धडधाकट माणूस अचानक कोसळला, हाक मारून जागा होत नाही आणि मधूनच आचका दिल्यासारखा श्वास घेतो आहे, तर 'श्वास चालू आहे' म्हणून थांबू नका. बहुधा हृदय थांबलेले असते. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबायला सुरुवात करावी.