पंगासच्या खाद्यात माशाचं तेल कमी करता येईल का?



आपली तारली कारखान्यात गेली की तिचं तेल निघतं आणि ते पाळलेल्या माशांच्या खाद्यात जातं. २०२३ मध्ये पेरूने अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द केला आणि माशाच्या तेलाचे भाव जगभर भडकले. म्हणून पंगास पाळणारे विचारतात, तेल कमी कसं करायचं?

एक उपाय इमल्सिफायर, म्हणजे सोयाबीनच्या लेसिथिनसारखा पदार्थ. तेल पाण्यात मिसळत नाही. लेसिथिन त्याचे बारीक थेंब करतं. थेंब बारीक झाले की पाचकरस नीट भिडतो आणि तेल अंगी लागतं. मग थोडं तेल कमी घातलं, काही वनस्पती तेल वापरलं, तरी भागू शकतं. पंगास गोड्या पाण्यातला, त्याला समुद्री माशाइतकी माशाच्या तेलाची गरज नसते.

पण लेसिथिन ओमेगा-३ तयार करत नाही. माशाचं तेल फार घटवलं तर मांसातलं ओमेगा-३ही घटतं.

म्हणून मात्रा खाद्य बनवणाऱ्याला विचारा आणि आधी एकाच पिंजऱ्यात करून बघा. शेजारच्या पिंजऱ्यात नेहमीचंच खाद्य ठेवा. एक किलो वाढीला किती खाद्य लागलं, ते दोन्हीकडे लिहून ठेवा.

तेलाची मागणी उतरली, तर बारीक तारली कारखान्यासाठी ओढायची घाईही कमी होईल. तीच तारली मोठी होऊन आपल्या जाळ्यात येईल.