बाराबोरची नळी आणि छर्र्यांचा फैलाव

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) परिसरात तुरी-हरभऱ्याच्या शेतांना रानडुकरांचा व रोह्यांचा उपद्रव नवा नाही. आणि पीक-संरक्षणाच्या परवान्यावरील बाराबोर बंदुकीचा विषय निघाला, की नळी जितकी लांब तितके छर्रे एकवटून जातात, हा जुना ग्रह कोणीतरी छातीठोकपणे मांडतोच. ठासणीच्या बंदुकीच्या काळी लांब नळीचे माहात्म्य यथार्थ होते, कारण काळ्या दारूचा पुरता जोर घेण्यास तेवढी लांबी लागे. परंतु आजची धूरविरहित दारू बहुतांशी नळीच्या पूर्वार्धातच जळून जात असल्यामुळे इंचभर नळी घटल्याने छर्र्यांचा वेग सेकंदास पाच-दहा फुटांनी काय तो उतरतो.

फैलाव ठरवते ते नळीचे तोंड. तेथे ‘चोक’, म्हणजे व्यासात सुमारे एक मिलिमीटरचे आकुंचन, ठेवले असता 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात सुमारे 70 टक्के छर्रे पडतात. सरळ नळीतून जेमतेम 40. नळी कापणारा इसम प्रथम हा चोकच कापून टाकतो, आणि बोल मात्र लांबीला लागतो! (अशी कापाकापी परवान्याविना करण्यास 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमाची मनाई आहे.)

सावंगीच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास हाच विषय न्यायवैद्यकात भेटतो: अगदी जवळून झाडलेल्या बाराचे एकच मोठे छिद्र पडते, अंतर वाढले की त्याभोवती सुट्या छर्र्यांचे ठिपके उमटू लागतात, मात्र पंचनाम्यातील अंतर पडताळावयाचे, तर तीच बंदूक व त्याच जातीची काडतुसे घेऊन निरनिराळ्या अंतरांवरून कागदावर बार काढून पाहावे लागतात.