मंदावलेल्या दिव्यांचा तपास
राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरी-साकोली दरम्यान जेथे अरण्यातून जातो, तेथे पावसाळी रात्री जुन्या स्पोर्ट्स कारचे दिवे मंदावले, तर बल्ब बदलण्यापूर्वी तारांचा तपास करावा. कारण विद्युतदाब एक दशांशाने घटला, तरी हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी उणावतो. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीत अंगच विजेचे वाहक नसल्याने अर्थिंगची तार स्वतंत्र ओढावी लागते, आणि तिच्या टोकावर साचलेला हिरवट गंज हेच बहुधा दोषाचे मूळ असते. बॅटरी सोडवून तो पॉलिश पेपरने घासावा, स्क्रू आवळून वर व्हॅसलीन लावावे. दिव्यांचा प्रवाह डॅशबोर्डच्या बटणातून न नेता फ्यूज व रिले घालून थेट बॅटरीवरून घ्यावा. ज्यादा वॅटचा बल्ब मात्र कदापि बसवू नये. जुने होल्डर त्या उष्णतेने वितळतात.