अष्टपैलू खेळाडू : मर्यादित षटकांच्या क्रिकेटमधील एक व्यवसाय

विदर्भाच्या पश्चिम टोकास वसलेला बुलढाणा जिल्हा हा जिजाऊ माँसाहेबांचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा, लोणारचे उल्काविवर आणि शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान यांमुळे महाराष्ट्रास सुपरिचित आहे. क्रिकेटच्या संदर्भात मात्र या जिल्ह्याचे नाव क्वचितच घेतले जाते. तथापि ९ ऑक्टोबर १९८८ रोजी बुलढाणा येथे जन्मलेल्या श्रीकांत वाघ या डावखुऱ्या खेळाडूने विदर्भाच्या संघात स्थान मिळविले, २०११ साली इंडियन प्रीमियर लीगमध्ये पुणे वॉरियर्सचे प्रतिनिधित्व केले आणि पुढे इंग्लंडमधील क्लब क्रिकेटमध्येही आपले नाव कोरले. मध्यमगती गोलंदाजी हे त्यांचे मुख्य अस्त्र. परंतु तळाच्या क्रमांकावर उपयुक्त फलंदाजी करणारा खेळाडू म्हणूनही ते ओळखले गेले.

आज खेड्यापाड्यांतील असंख्य मुले क्रिकेटकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहू लागली आहेत. अशा वेळी मर्यादित षटकांचा अष्टपैलू खेळाडू म्हणजे नेमका कोण, त्याला मागणी का असते आणि त्याच्या कारकिर्दीचा आधार कितपत भक्कम असतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

एक-पंचमांशाचा नियम

मर्यादित षटकांच्या क्रिकेटचा प्रारंभ इंग्लंडमध्ये १९६३ साली जिलेट चषक स्पर्धेने झाला. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे खेळला गेला. भारताने आपला पहिला असा सामना १३ जुलै १९७४ रोजी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली लीड्स येथे खेळला.

या खेळात एका गोलंदाजास डावाच्या एकूण षटकांपैकी एक-पंचमांशाहून अधिक षटके टाकता येत नाहीत. ५० षटकांच्या सामन्यात ही मर्यादा १० षटकांची, तर २० षटकांच्या सामन्यात ४ षटकांची असते. कसोटी सामन्यात दोन निष्णात गोलंदाज दिवसभर एक बाजू लावून धरू शकतात. येथे ती सोय नाही. किमान पाच गोलंदाज हवेतच. अकरा खेळाडूंतून पाच गोलंदाज व एक यष्टिरक्षक वजा केले, की निव्वळ फलंदाजांसाठी पाचच जागा उरतात. फलंदाज वाढवावा तर गोलंदाजी उघडी पडते आणि गोलंदाज वाढवावा तर फलंदाजीचे शेपूट लांबते.

हा पेच अष्टपैलू खेळाडू सोडवितो. त्याने १० षटकांत ४५ धावा देऊन एकही बळी घेतला नाही आणि सहाव्या क्रमांकावर येऊन ३० धावा केल्या, तर धावफलकावर त्याची कामगिरी डोळ्यांत भरत नाही. संघाला मात्र जणू बारावा खेळाडू लाभलेला असतो. संघनायकाच्या दृष्टीने त्याचे खरे मोल हेच होय.

१९८३ चा वस्तुपाठ

या तत्त्वाचे सर्वांत प्रभावी उदाहरण म्हणजे १९८३ चा विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ. कपिल देव, मोहिंदर अमरनाथ, रॉजर बिन्नी व मदनलाल हे चौघेही फलंदाजी व गोलंदाजी अशी दुहेरी जबाबदारी पेलणारे खेळाडू होते. १८ जून रोजी झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी दयनीय अवस्था झाली असता कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या. अंतिम सामन्यात भारताचा डाव अवघ्या १८३ धावांत आटोपला. परंतु अमरनाथ यांनी फलंदाजीत २६ धावा केल्यानंतर ७ षटकांत केवळ १२ धावा देऊन ३ बळी मिळविले आणि वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांत संपुष्टात आला. अमरनाथ हे काही तेज गोलंदाज नव्हते. त्यांचे दुसरे कौशल्य मध्यम प्रतीचे, पण अत्यंत विश्वासार्ह होते आणि त्या दिवशी तेवढेच पुरेसे ठरले.

अलीकडच्या काळातील विदर्भाचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथील अक्षय कर्णेवार यांचे आहे. दोन्ही हातांनी फिरकी गोलंदाजी करण्याची दुर्मीळ कला त्यांनी साध्य केली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मंगलागिरी येथे सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्यांनी आपली चारही षटके निर्धाव टाकून २ बळी घेतले. वीस षटकांच्या खेळात अशी कामगिरी तत्पूर्वी कोणीही केली नव्हती. याच खेळाडूने २०१९ च्या इराणी करंडक सामन्यात खालच्या क्रमांकावर येऊन शतकही झळकाविले होते.

बुलढाण्याहून स्टोक्सलीपर्यंत

बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असले, तरी शहरास रेल्वे नाही; मलकापूर किंवा शेगाव गाठल्यावर मुंबई-हावडा लोहमार्ग मिळतो. विदर्भ क्रिकेट संघटनेचे केंद्र असलेले नागपूर येथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. निवड चाचणीसाठी जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे प्रवासखर्च, मुक्काम आणि शाळेचे बुडणारे दिवस होत.

भारतातील देशांतर्गत हंगाम स्थूलमानाने ऑक्टोबर ते मार्च असा असतो. उरलेल्या महिन्यांत व्यावसायिक खेळाडूने काय करावे? या प्रश्नाचे एक जुने उत्तर इंग्लंडमधील क्लब क्रिकेट हे आहे. आपल्याकडे वैशाखवणवा व त्यामागून पावसाळा असताना तेथे क्रिकेटचा हंगाम भरात असतो. क्लबला बहुधा एकाच परदेशी व्यावसायिकास संघात घेता येत असल्याने धावा व बळी दोन्ही देणाऱ्या खेळाडूस साहजिकच पसंती मिळते. १९२९ पासून वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन क्लबकडून खेळले. आपले विनू मांकड १९५२ साली हॅस्लिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. तेथूनच पाचारण झाल्यावर त्यांनी लॉर्ड्स कसोटीत ७२ व १८४ धावा आणि ५ बळी अशी संस्मरणीय कामगिरी केली.

याच वाटेने श्रीकांत वाघ उत्तर यॉर्कशायरमधील स्टोक्सली क्लबकडे गेले. २०१६ च्या हंगामात मिडल्सबरोविरुद्ध त्यांनी ३९ धावांत डावातील सर्वच्या सर्व १० बळी मिळविले. ही कामगिरी प्रथम श्रेणीच्या विक्रमांत नोंदली जात नाही. परंतु बुलढाण्याच्या खेळाडूने परमुलुखात मिळविलेले हे यश जिल्ह्याला अभिमानास्पदच आहे.

मिळकतीचा हिशेब

व्यवसाय म्हटला की मिळकतीचा विचार ओघानेच येतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार २० पर्यंत सामने खेळलेल्या वरिष्ठ खेळाडूस एकदिवसीय सामन्यासाठी ४०,००० रुपये, तर वीस षटकांच्या सामन्यासाठी १७,५०० रुपये मानधन ठरविण्यात आले. राखीव खेळाडूंसाठी हे दर निम्मे होते. केवळ मर्यादित षटकांचे क्रिकेट खेळणाऱ्या नवोदितास दोन्ही स्पर्धांत प्रत्येकी ७ साखळी सामने मिळाले असे धरले, तर या दराने वर्षाची मिळकत ४,०२,५०० रुपये होते. रक्कम कमी नाही; पण ती संघात स्थान टिकेल तोवरच. दुखापतीने एक हंगाम गेला, की हा आकडा शून्यावर येतो.

लिलावातील कोट्यवधींचे आकडे सर्वांच्या ओठांवर असतात. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदविली आणि त्यांपैकी १८२ जणांनाच संघ मिळाला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

नियमातील बदल

अष्टपैलूचे महत्त्व नियमातून निर्माण झाले. म्हणून नियम बदलताच ते घटूही शकते. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत २०२२ मध्ये आणि इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर'चा नियम लागू झाला. सामना चालू असताना एका खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण वेळ खेळू लागल्याने निव्वळ फलंदाज काढून निव्वळ गोलंदाज आणणे संघांना सुलभ झाले. परिणामी शिवम दुबे यांच्यासारख्या खेळाडूंना गोलंदाजीची संधीच मिळत नाही, अशी खंत रोहित शर्मा यांनी २०२४ मध्ये व्यक्त केली. त्याच वर्षी देशांतर्गत स्पर्धेतून हा नियम मागे घेण्यात आला. ५० षटकांच्या विजय हजारे करंडक स्पर्धेत तो लागू करण्यातच आला नव्हता. आजही अष्टपैलू खेळाडूची खरी पारख याच स्पर्धेत होते.

पालक व प्रशिक्षकांसाठी

या सर्व विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. अष्टपैलू होणे म्हणजे दोन्ही गोष्टी अर्धवट येणे नव्हे. एक कौशल्य संघात प्रवेश मिळवून देण्याइतके पक्के हवे आणि दुसरे संघनायकाने निःशंकपणे विसंबावे इतके. मुलाच्या अंगी दोन्ही गुण दिसत असल्यास प्रशिक्षकांनी घाईने एकाचा त्याग करावयास लावू नये. पालकांनी जन्मदाखल्यासह सर्व कागदपत्रे बिनचूक ठेवावीत. कारण १६ वर्षांखालील स्पर्धांसाठी हाडांच्या चाचणीद्वारे वयाची पडताळणी केली जाते. वाढत्या वयाच्या मुलांवर गोलंदाजीचा अतिरिक्त भार टाकणे पाठीच्या कण्यास अपायकारक ठरते, याचेही भान हवे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षण सोडू नये. मैदानावर ज्याच्या हाती दुसरे कौशल्य असते, तोच संघात अधिक काळ टिकतो. मैदानाबाहेरही हाच न्याय लागू पडतो. विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकून आपल्या प्रदेशातील गुणवत्ता सिद्ध केली आहे. त्या गुणवत्तेत बुलढाण्याचा वाटा वाढावयाचा असेल, तर मुलांच्या हाती चेंडू व बॅट यांच्या जोडीला पुस्तकही असले पाहिजे.