नव्या ओट्यावर शेगडी केवढी हवी?

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सुचतं. यजमानांना चिमणी हवी असते, मुलीला काळा ग्रॅनाइट, आणि दुकानदार तर चार बर्नरची चकचकीत काचेची शेगडी पुढे करून मोकळा होतो. "वहिनी, ओटा नवा करताय, मग शेगडीही मोठीच घ्या!" ऐकायला बरं वाटतं. पण त्या शेगडीपुढे रोज उभं राहायचं असतं ते आपल्याला. ओटा काही दरवर्षी फोडता येत नाही. एकदा दगड कापला की पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच्याशीच संसार. म्हणून आधी शेगडीचं माप ठरवावं आणि मग ओट्याचं. तेही बर्नर मोजून ठरवू नये, आपली भांडी मोजून ठरवावं.

आधी तीन दिवस मोजा

दुकानात जाण्यापूर्वी तीन दिवस एक छोटंसं टाचण ठेवा. ऐन डब्याच्या घाईत एका वेळी किती बर्नर पेटलेले असतात, एवढंच लिहायचं. चौघांच्या घरात बहुधा दोनच निघतील. एकीकडे कुकर, दुसरीकडे भाजी. कुकर उतरला की त्या जागी तवा. तिसरा लागतो तो चहा-दुधाला. चौथ्याची आठवण होते गौरी-गणपतीला नाहीतर पाहुणे आल्यावर. वर्षातल्या त्या आठ-दहा दिवसांसाठी विजेवरची इंडक्शन शेगडी काढली तरी भागतं, आणि काम झालं की ती कपाटात जाते. सासू-सासरे, दीर-जावा असं सात-आठ माणसांचं घर असेल तर मात्र तीन-चार बर्नर खरोखरच हवेत. तिथे काटकसर करू नका.

तवा आणि कुकर शेजारी मावतात का?

शाळेत मुलांना वर्तुळ शिकवताना मी व्यास आणि त्रिज्या फळ्यावर काढते. तेच गणित इथे उपयोगी पडतं. तुमचा तवा ११ इंच व्यासाचा आणि कुकर ९ इंचांचा आहे असं धरा. दोन्हींच्या निम्मे म्हणजे साडेपाच आणि साडेचार, मिळून १० इंच. मध्ये बोटभर फट हवी म्हणून आणखी १ इंच. म्हणजे दोन बर्नरच्या मध्यबिंदूंत निदान ११ इंच अंतर पाहिजे. त्याहून कमी असेल तर तवा कुकरला ढकलणार, किंवा बर्नरवरून सरकून एका बाजूने पोळी कच्ची ठेवणार.

चार बर्नरच्या शेगड्या दोन फुटांतही मिळतात आणि तीन फुटांतही. बर्नर तेवढेच, पण दोन फुटांत ते दाटीवाटीने बसवलेले असतात. त्यावर चार छोटी पातेली राहतील. कढई, तवा आणि कुकर एकदम राहणार नाहीत. म्हणून दुकानात टेप घेऊन जा आणि मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा. संकोच करू नका.

मागच्या रांगेतल्या बर्नरचाही विचार करा. तिथलं दूध उतरवायला पुढच्या पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागतो. पदर किंवा ओढणी पेटायला तेवढं निमित्त पुरतं. शक्य असेल तर सगळे बर्नर एका ओळीत असलेली शेगडी पाहा. ती लांबीला जास्त जागा घेते, पण हात भाजत नाही.

ओट्यावर उरतं काय?

आमच्या शेजारच्या वहिनींचा ओटा आठ फुटांचा. तीन फूट शेगडीने घेतले, दोन फूट सिंकने. उरलेल्या तिनात मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर. आता पोळ्या लाटायच्या जेवणाच्या टेबलावर आणि भाजायला धावायचं ओट्याकडे! परात आणि पोळपाट शेजारी ठेवायला निदान दोन फूट मोकळा दगड लागतो, आणि तो शेगडी व सिंक यांच्या मध्येच असावा. दुसऱ्या बाजूला भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, नाहीतर कुकरची दांडी भिंतीला आपटते. शेगडी अगदी खिडकीसमोर नको. वाऱ्याने ज्योत फडफडते आणि गॅस वाया जातो. चिमणी घेणार असाल तर ती शेगडीएवढी तरी रुंद हवी. म्हणजे शेगडी तीन फुटांची झाली की चिमणीही तीन फुटांची, आणि खर्च दोन्हीकडे वाढला.

उंचीचं काय?

उभं राहून कोपर दुमडा. ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३२ ते ३३ इंचांचा ओटा सोयीचा. त्यावर शेगडीची उंची आणि वर कुकर, म्हणजे आमटी ढवळताना खांदे वर उचलावे लागतात. म्हणून शेगडीच्या जागेपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेता येतो. नाहीतर ओट्यातच बसवायची शेगडी, म्हणजे हॉब, घेता येतो.

हॉब घ्यायचा तर तो घरात आल्याशिवाय दगड कापू देऊ नका. वरच्या काचेचं माप वेगळं आणि खालच्या कापाचं वेगळं असतं. कापाचं माप पत्रकात दिलेलं असतं, तेच गवंड्याला द्या. कापाच्या पुढे-मागे दगडाची पट्टी फार अरुंद ठेवू नका; तिथेच ग्रॅनाइट चिरतो.

गॅसची काळजी

सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात असेल तर तो उभाच ठेवा आणि कपाटाला वर-खाली जाळी ठेवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खालची जाळी विसरू नका. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी ती बदलायलाच हवी. शेगडी मोठी घेऊन ती सिलिंडरपासून दूरच्या टोकाला नेली तर नळी पुरत नाही, हेही नकाशा काढतानाच पाहा. पाइपचा गॅस येणार असेल तर त्याची जोडणी कुठे ते टाइल्स लावण्याआधी ठरवा. त्याला शेगडीचे जेट वेगळे लागतात, ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. शेगडीवर आयएसआय शिक्का हवाच.

इतकं झालं की शेवटचं एक काम. जुन्या वर्तमानपत्रातून शेगडी, सिंक आणि परात यांचे खऱ्या मापाचे तुकडे कापा आणि ओट्याच्या लांबीएवढ्या जागेत जमिनीवर मांडा. तव्याचे, कुकरचे गोलही ठेवा. कुठे दाटी होते ते लगेच दिसतं, आणि कागद सरकवायला पैसे पडत नाहीत. मग ती मापं चिठ्ठीवर लिहून गवंडी आणि सुतार दोघांच्या हातात द्या. मापं तुमची असली की ओटाही तुमच्या हाताला येईल असाच होतो.